आधी भोक, मग चिमणी

स्वयंपाकघरात धूर ओढणारी चिमणी घ्यायची ठरलं की माणूस थेट दुकानात जातो. मीही तसाच गेलो होतो. डब्यावर हवा ओढण्याचा सगळ्यात मोठा आकडा लिहिलेली कॅनोपी, म्हणजे छत्रीच्या आकाराची चिमणी, घेऊन आलो. भिंतीतलं जुनं भोक १०० मिलिमीटरचं आणि चिमणीचं तोंड १५०चं निघालं. फिटरने पिशवीतून एक रिड्यूसर काढला, मोठ्या तोंडाला छोटी नळी जोडली, 'चालतंय की' म्हणाला आणि गेला. नंतर दोन वर्षं धूर घरात आणि घोंगावणं कानात. तेव्हा तुमच्या यादीची पहिली ओळ चिमणीची नको, भोकाची असू द्या.

हिशोब सोपा आहे. १०० मिमीच्या नळीचं तोंड १५०च्या तोंडाच्या निम्मंही नसतं, साधारण ४४ टक्के भरतं. ताशी ६०० घनमीटर हवा १५०च्या नळीतून सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाने जाते. १००च्या नळीतून तेवढीच हवा काढायची तर वेग २१ मीटरच्या घरात न्यावा लागतो. तो पंख्याला झेपत नाही, म्हणून हवा कमी निघते आणि जी निघते ती शिट्टी मारत निघते. भोक मोठं करून घेता येत असेल तर चिमणी यायच्या आधी करून घ्या. नंतर सगळ्या ओट्यावर धूळ बसते आणि नव्या चिमणीवरही.

भोकानंतर वाट. शेगडीच्या वरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत नळी कुठून जाणार ते टेपने मोजून कागदावर काढा आणि वळणं मोजा. काटकोनातलं प्रत्येक वळण पंख्याला ओझं असतं. त्याऐवजी ४५ अंशांची दोन वळणं थोडं अंतर ठेवून घेतली तर हवा सुखाने वळते. लागोपाठ दोन काटकोन असतील तर चिमणीची जागा किंवा नळीची वाट बदलता येते का ते आधी बघा. गुळगुळीत आतली कडक नळी उत्तम. अ‍ॅल्युमिनियमची घडीची नळी लावायचीच तर ताणून ताठ लावायची, उरलेली नळी कापून टाकायची. ती माळ्यावर गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि तिच्या प्रत्येक घडीत तेल साचतं. नळीचं दुसरं टोक मोकळ्या हवेतच उघडलं पाहिजे. फॉल सीलिंगच्या आत तोंड सोडून देणं म्हणजे तेलाची वाफ छतात साठवणं, आणि ते तेल पेट घेऊ शकतं. बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी पाती हवीत. बारीक जाळी लावू नका, काही महिन्यांत ती तेलाने बुजते.

नळी बाहेर नेताच येत नसेल तर कोळशाच्या फिल्टरची, हवा फिरवून परत घरात सोडणारी व्यवस्था उरते. तिच्याकडून वासापुरतीच अपेक्षा ठेवा. वाफ, उष्णता आणि गॅस जळल्यावर होणारे वायू ती बाहेर काढत नाही, आणि कोळसा साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो. नाइलाज असेल तरच ती घ्यावी, असं माझं मत.

आता मापं. रुंदी शेगडीएवढी तरी हवीच, दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर जास्त मिळाली तर उत्तम. धूर सरळ खांबासारखा चढत नाही, वर जाताना पसरतो. कॅनोपीचा खरा फायदा तिच्या पोकळ पोटात आहे. झाकण उघडलं की वाफेचा एकदम मोठा लोट उठतो. पंख्याला तो ओढायला क्षणभर लागतो, तेवढा वेळ पोकळी त्याला धरून ठेवते. सपाट काचेच्या चिमणीखालून तोच लोट कडेने निसटतो. पुढे-मागची खोलीही बघा: पुढचा बर्नर छत्रीखाली येतो का? माझ्या अनुभवात तळण बहुतेकदा पुढच्याच बर्नरवर होतं.

उंची मोजताना ओट्यापासून मोजू नका, भांडं ठेवायच्या जाळीपासून मोजा. शेगडी ओट्यावर ठेवलेली असेल तर एवढ्यातच दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. गॅसवर साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवतात, इंडक्शनवर थोडं कमी चालतं. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं किमान अंतर मात्र मोडायचं नाही. मग खोक्याचा पुठ्ठा चिमणीच्या तळाच्या मापाचा कापा आणि घरातल्या कुणाला तरी तो त्या उंचीवर आडवा धरायला सांगा. खाली उभं राहून मागच्या बर्नरवरचं भांडं ढवळल्यासारखं करा. कपाळ कडेला लागतं का, भांड्यात काय आहे ते दिसतं का, हे दुकानात कधीच कळत नाही. आमच्याकडे पुठ्ठ्याने घरातल्या सगळ्यात उंच माणसाची बाजू घेतली आणि चिमणी चार सेंटिमीटर वर गेली. छतापर्यंतचं अंतरही लिहून ठेवा. नळी झाकणारं उभं कव्हर एका मर्यादेपर्यंतच सरकतं, छत उंच असेल तर जोडतुकडा मागवावा लागतो.

किती ओढ हवी? स्वयंपाकघराची लांबी, रुंदी, उंची गुणा आणि आलेल्या घनमीटरांना १० ते १२ने गुणा. ३ बाय ३.५ मीटरची, २.७ मीटर उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर. म्हणून ताशी २८० ते ३४० घनमीटर. त्यावर नळीसाठी आणि वळणांसाठी थोडी भर घाला. खोली हॉलला उघडी असेल तर हॉलही धरा. डब्यावरचा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो आणि त्यात तुमच्या घरची नळी धरलेली नसते. म्हणून मधल्या वेगावर किती हवा आणि किती डेसिबल हे विचारा, कारण रोज तोच वेग वापरणार. दहा डेसिबल वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो.

फिल्टर नालीदार स्टीलचे घ्या, जाळीचे लवकर बुजतात. सिंकमध्ये आडवे मावतात का तेही मोजा, नाही मावले तर धुणं लांबणीवर पडतं. दिवे एलईडीचे, भांड्यावर पडणारे. बस.

हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते. खिडकी कुठून उघडणार ते ठरवा, पण शेगडीला लागून असलेली नको, तिथला वारा धूर छत्रीबाहेर ढकलतो. घरात धुराड्याचा गॅस गीझर किंवा लाकडाची शेगडी असेल तर आधी जाणकाराला दाखवा. चिमणीच्या ओढीने तिथले जळलेले वायू उलटे घरात येऊ शकतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. इथे 'चालतंय की' चालत नाही.

वायरमनला आधीच बोलवा. अर्थिंग असलेला सॉकेट कव्हरमागे, पण नळीच्या वाटेत येणार नाही असा. भिंत पोकळ असेल तर मागे लाकडी आधार हवा.

बसवायच्या दिवशी घरी थांबा. कव्हर चढवायच्या आधी नळीचे जोड बघा, मग चिमणी पूर्ण वेगाने लावून टिश्यूचा कागद फिल्टरखाली धरा, तो वर चिकटून राहिला पाहिजे. त्यानंतर बाहेर जाऊन पाती उघडली आहेत का ते बघा, आणि आतून कुणाला तरी बटण बंद करायला सांगा. पाती खट्‌कन मिटली की मगच कव्हरचे स्क्रू फिटरच्या हातात द्या.