शनिवारची चिठ्ठी: समोरचा संघ कसा वाचायचा

गुरुवारी रात्री आमच्या ग्रुपवर एकच विचारणा असते, "अगं, चिठ्ठी कुठे?" चिठ्ठी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये शनिवारी आमच्या पर्ड्यू विद्यापीठाची ज्या संघाशी गाठ आहे, त्याच्यावर मी लिहिलेलं एक पान. पान एकच. दुसरं पान लागलं तर समजायचं, मलाच अजून काही उमगलेलं नाही.

सुरुवात एकूण यार्डांपासून करू नका. २० ऑक्टोबर २०१८ ला आमच्या रॉस-एड स्टेडियममध्ये ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकने (पास फेकून चाल चालवणारा खेळाडू) ७३ पास टाकले, त्यातले ४९ झेलले गेले आणि ४७० यार्ड मिळाले. तरी देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेला, तोवर एकही सामना न हरलेला तो संघ आमच्याकडून ४९-२० असा हरला. मधल्या मैदानात मजेत सरकायचे, पण मध्यंतराला खात्यात गुण तीनच! तेव्हापासून मी आधी रेड झोन उघडते, म्हणजे गोललाइनच्या अलीकडचे २० यार्ड. तिथेही एक गोम आहे. अधिकृत टक्केवारीत फील्ड गोलही (लाथेने मिळवलेले तीन गुण) यश म्हणूनच धरतात. ती बाजूला ठेवा आणि तिथवर पोचल्यावर टचडाउन (चेंडू गोललाइनपार नेऊन सहा गुण) किती वेळा झाला, ते स्वतः मोजा.

दुसरी गोम मला चांगलीच भोवली होती. एका संघाची धावण्याची सरासरी पाहून मी बिनधास्त लिहिलं होतं, "यांना पळता येत नाही." शनिवारी ते आमच्या अंगावरून पळत गेले आणि पुढचे दोन आठवडे मला ते वाक्य ऐकवलं गेलं. चूक साधी होती. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची सॅक झाली, म्हणजे पास टाकण्याआधीच त्याला मागे पाडलं, की गेलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ते पासच्या खात्यातून जातात. समजा कागदावर ३४ धावा (चेंडू घेऊन पळण्याचे प्रयत्न) आणि ११२ यार्ड दिसतात, सरासरी ३.३. त्यात पाच सॅक आणि ३७ यार्डांचं नुकसान दडलेलं असेल, तर खऱ्या धावा २९, यार्ड १४९ आणि सरासरी ५.१. म्हणजे निष्कर्षच उलटा: पळणारे दमदार आहेत, दुखणं पासच्या वेळी क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीचं, म्हणजे लाइनचं आहे. ही वजाबाकी प्रत्येक सामन्याची करा, दहा मिनिटं लागतात.

मग आकडे कुणाविरुद्धचे आहेत ते बघा. सप्टेंबरात एफसीएसच्या (कॉलेज फुटबॉलची खालची श्रेणी) संघाला धुऊन काढलेले आकडे मी सरळ खोडते. आर्मी किंवा नेव्हीशी (लष्करी अकादमींचे संघ) खेळून आलेल्या संघाचा पासविरुद्धचा बचाव कागदावर उगाच छान दिसतो, कारण ते दोघे पास टाकतातच किती! फंबल घडवण्याचं, म्हणजे समोरच्याच्या हातून चेंडू सोडवण्याचं श्रेय बचावाला द्या, पण सुटलेला चेंडू कुणाच्या हाती पडतो हा बराचसा नशिबाचा भाग. आणि मागच्या वर्षीची वही काढू नका. ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याची व्यवस्था) अर्धा संघ बदललेला असू शकतो. कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे किंवा बचावाचे डाव आखणारा प्रशिक्षक) नवा असेल, तर त्याच्या आधीच्या संघाचे सामने बघणं जास्त उपयोगाचं.

आता टीव्ही. संघाच्या माणसांनाही पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने मैदानात जाऊन हेरायला एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) १९९४ पासून बंदी घातली आहे. तेही चित्रणच बघतात. त्यांच्याकडे बाविसाच्या बावीस खेळाडू दिसणारं असतं, आपल्याकडे प्रक्षेपण, एवढाच फरक. अलीकडचे दोन सामने पुरे, त्यातला एक हरलेला हवा. हरताना माणूस सवयीवर येतो.

स्नॅपच्या आधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, पॉज करा. मागे सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) एक आहे की दोन? दोन असतील तर पुढे लाइनसमोरच्या खोक्यात (बॉक्समध्ये) माणसं कमी, म्हणजे धावायला जागा. मग आक्रमणाच्या लाइनमधल्या गार्डकडे बघा. बोटांवर भार देऊन पुढे कलला असेल, बोटांची पेरं पांढरी पडली असतील, तर बहुधा धाव येणार. हात नुसता टेकलेला आणि बूड मागे, तर पास. सगळेच असे फसत नाहीत, पण थकलेला गार्ड चौथ्या क्वार्टरमध्ये बऱ्याचदा गुपित फोडतो.

चेंडू कोणत्या हॅशवर (मैदानाच्या लांबीने जाणाऱ्या खुणांच्या दोन रेषांपैकी कोणत्या) आहे तेही टिपा. कॉलेजमध्ये हॅशच्या दोन रेषा एकमेकींपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलपेक्षा दुपटीहून जास्त. चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट, दुसऱ्या बाजूला १०० फूट मैदान उरतं. काही क्वार्टरबॅकचा हात त्या रुंद बाजूच्या कडेपर्यंत पोचतच नाही. पास हवेत लटकतो आणि कॉर्नरबॅकला (कडेच्या बचावपटूला) पळत यायला वेळ मिळतो. असा एक पास दिसला की मी तिथे चांदणी काढते.

वहीत चारच रकाने करते: डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), बाकी यार्ड, हॅश, काय केलं. सगळ्यात जास्त शाई तिसऱ्या डाउनवर खर्च करा. तीन यार्ड हवे असताना चेंडू कुणाला देतात? आठ हवे असताना कुणाकडे बघतात? बहुतेक संघांचा अशा वेळचा लाडका एकच असतो. किकिंगवर मी एक ओळ लिहिते, फार तर दोन.

चिठ्ठी गुरुवारी जाते, पण शनिवारी ती पुन्हा उघडावी लागते. बिग टेनमध्ये (पर्ड्यू खेळतं ती विद्यापीठांची लीग) २०२३ पासून कोण खेळणार नाही याची यादी सामन्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागते. मी सगळ्यात आधी त्यात समोरच्या संघाच्या लेफ्ट टॅकलचं (लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू) नाव शोधते. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ तोच राखतो. त्याचं नाव यादीत दिसलं, की धावण्याबद्दलची ओळ खाली जाते आणि "डावीकडून ब्लिट्झ" (क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडणं) वर येते.