सिगारेटवरून व्हेपवर कसं जावं? ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी

व्हेप म्हणजे ई-सिगारेट, निकोटिनचं द्रव तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र. भारतात ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात या सगळ्यावर २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे पुढचं सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठीच. तिथे सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, स्वतःच सिगारेट सोडायला हा मार्ग सुचवते. तंबाखू जळताना निघणारं टार आणि कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये नसतं. निकोटिन असतं, आणि तल्लफ त्याचीच असते. सिगारेट ओढतच नसाल तर मात्र या वाटेला जाऊच नका.

१. आधी आपल्या भागातल्या 'स्टॉप स्मोकिंग' सेवेत नाव घाला. ती मोफत असते, काही ठिकाणी व्हेपही तिथूनच मिळतो. यंत्रात फुंकायला लावून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. सिगारेट थांबली की हा आकडा लगेच उतरतो, आणि तो उतरलेला पाहून हुरूप येतो.

२. चालू औषधं डॉक्टरांच्या कानावर घाला. हे कुणी फारसं सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे काही औषधं शरीरात लवकर मोडतात. धूर बंद झाला की तोच डोस जड होतो. ओलांझापिन, क्लोझापिन, थिओफिलिन त्यातलीच. वॉरफरिन घेणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. कॅफिनचीही तीच गत. चार कप चहा पूर्वीसारखाच प्यायलात तर झोप उडते, जीव अस्वस्थ होतो आणि बोल लागतो व्हेपला. चहा थोडा कमी करा. गरोदर असाल तर आधी निकोटिनच्या गम-पॅचबद्दल विचारा.

३. एकदा वापरून फेकायचे व्हेप विकायला १ जून २०२५ पासून बंदी आहे. चार्ज होणारं, पुन्हा भरता येणारं साधं पॉड, म्हणजे छोटं व्हेप, घ्या. ढगच्या ढग सोडणारी मोठी यंत्रं नकोत.

४. बहुतेकांचं घोडं अडतं ते व्हेपमध्ये भरायच्या द्रवातल्या, म्हणजे लिक्विडमधल्या, निकोटिनच्या प्रमाणात. कायद्याने कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याने १८ ते २० नेच सुरुवात करावी, दहा-पंधरा ओढणाऱ्याने १२ ने. त्याहून कमी असेल तर ६ पुरतं. 'कमी ते बरं' म्हणून ३ ची बाटली आणली की तल्लफ भागत नाही आणि संध्याकाळी पाय आपोआप कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळतात. जास्त प्रमाण घशाला टोचत असेल तर 'निक सॉल्ट' (क्षाररूपातलं निकोटिन असलेलं लिक्विड) घ्या, ते सौम्य लागतं. बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये. हे द्रव पोटात जाणं धोक्याचं आहे.

५. नवी कॉइल (लिक्विड तापवणारी तार) बसवून लिक्विड भरल्यावर दहा मिनिटं थांबा. आतला कापूस भिजायच्या आधी ओढलंत तर जळका ठसका लागतो आणि कॉइल वाया जाते. सिगारेटसारखे भराभर झुरके मारू नका. तीन-चार सेकंद सावकाश ओढा, मग थांबा. सुरुवातीला खोकला येतो, सवयीने कमी होतो.

६. तारीख ठरवा आणि त्या दिवसापासून सिगारेट शून्य. एकेक कमी करत गेलात तरी चालेल, पण शेवट शून्यावरच. घरी व्हेप आणि ऑफिसबाहेर मित्राची सिगारेट, याला सोडणं म्हणत नाहीत. सकाळची पहिली सगळ्यात चिवट, म्हणून झोपण्याआधीच व्हेप चार्ज करून ठेवा.

७. मग व्हेपही सोडायचाय. इंग्लंडमधल्या ८८६ जणांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, गम-पॅचवाल्यांपैकी ९.९ टक्के. पण व्हेपच्या गटात यशस्वी झालेल्यांपैकी ८० टक्के लोक तेव्हाही व्हेप ओढतच होते! तेव्हा सिगारेटची ओढ खरोखर संपली की २० वरून १२, मग ६, मग ३ असं उतरत या. मध्येच सिगारेट आठवायला लागली तर एक पायरी वर चढा. त्यात कमीपणा नाही.

८. भारतात येताना व्हेप घरीच ठेवा. सिंगापूरमार्गे येत असाल तर तिथे तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. प्रवासासाठी निकोटिन पॅच किंवा गम घ्या. २ मिलिग्रॅमची गम भारतात केमिस्टकडेही मिळते. ती च्युइंगगमसारखी सतत चघळायची नाही. जीभ झणझणली की गालात दाबून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा चावायची. गम तोंडात असताना आणि आधीची पंधरा मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.