पिकअपमागे कॅरॅव्हॅन ओढताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत पिकअपमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेला ट्रेलर, जोडून फिरणारी कुटुंबं अजून मोजकीच, पण चुका सगळ्यांच्या त्याच त्या. थंडी सुरू झाली की कुणीतरी नवा ट्रेलर घेतो आणि फोन येतो, "दादा, हायलक्स ओढेल ना?" ओढेल. टोयोटाच्या या पिकअपच्या, म्हणजे ऑटोमॅटिक हायलक्सचा टॉर्क 500 न्यूटन-मीटर आहे, ती दीड टनाचा ट्रेलर ओढणारच. पण तो ट्रेलर सरळ कसा राहील आणि वेळेवर थांबेल का, हे विचारायला फारसं कुणी फोन करत नाही.

सामान मागे भरणं

ही चूक बघून बघून मी थकलोय. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के वजन टो बॉलवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर जोडतात त्यावर, पडायला हवं. म्हणजे ट्रेलर 1,200 किलोचा असेल तर बॉलवर 120 ते 180 किलो. त्याहून कमी पडलं की ट्रेलर डुलायला लागतो.

कळव्याचा एक ओळखीचा मुलगा भंडारदऱ्याहून बायको-मुलीला घेऊन परतत होता. मी माझ्या गाडीतून मागेच होतो. त्याने जनरेटर ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात ठेवलेला, दोन सायकली मागच्या कॅरिअरवर, आणि एक्सलच्या मागे असलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. आसनगाव सोडून पडघ्याकडे येताना एक लक्झरी बस बाजूने सुसाट गेली. अशी मोठी गाडी ओव्हरटेक करते तेव्हा आधी हवेने ढकलते, मग खेचते. ट्रेलरची शेपटी उजवीकडे गेली, मग डावीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. एका बाजूचं चाक रस्ता सोडून वर आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आणि नेमका तेव्हाच त्याने ब्रेक दाबला. मागून ट्रेलरने रेटा दिला आणि पिकअप आडवी होत खडीवर जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही, पण पोरगी बराच वेळ आईला सोडत नव्हती.

कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरची पकड, सोडवला आणि मी ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, एका हाताने उचललं. ते एका हाताने उचललं जाणं हेच सगळ्याचं उत्तर होतं. विकणाऱ्याने त्याला गाद्या, पंखा, सोलर सगळं दाखवलं होतं, बॉलवरच्या वजनाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

माझी सवय सांगतो. सायकली आणि जनरेटर पिकअपच्या हौद्यात, शक्य तितके पुढे. जड डबे ट्रेलरच्या एक्सलवर किंवा किंचित पुढे. माझीही टाकी एक्सलच्या मागे आहे, म्हणून ती रिकामीच नेतो. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि पाणी पोचल्यावर मिळतंच. मग सगळं सामान भरून कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर जायचं. आधी ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त त्याची चाकं काट्यावर घ्यायची. मग तो सोडवून जॉकी व्हीलसकट (नाकाखालचं छोटं टेकूचं चाक) अख्खा काट्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॉलवरचं वजन. "अंदाजाने बरोबर आहे" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, काट्यावर नेतो.

हेच वजन पिकअपच्या भारक्षमतेतही मोजायचं. माणसं, हौद्यातलं सामान आणि बॉलवरचं वजन यांची बेरीज पुस्तिकेतल्या आकड्याच्या आत हवी. नाहीतर मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते.

डुलणं सुरू झालंच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, पिकअपचा ब्रेक दाबू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर पिकअपमध्ये बसवलेल्या कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मुळात वेग कमी ठेवा. मी 80 च्या वर जात नाही, आणि ऐरोलीच्या पुलावर खाडीचा आडवा वारा असेल तर त्याहूनही हळू.

घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरणं

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना अनेकांचा पाय ब्रेकवरून हलतच नाही. ब्रेक तापतात, जळका वास येतो, मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ओव्हररन ब्रेकचा, म्हणजे पिकअपला रेटा बसला की आपोआप ब्रेक लागणारा ट्रेलर असेल तर उतारावर तो पिकअपला रेटत राहतो, म्हणून त्याचे ब्रेकही सतत घासत असतात. ट्रकवाल्यांचा जुना नियम पाळा, ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा. गियर उतार सुरू होण्याआधी बदला. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबा, मग पूर्ण सोडा. वास आला तर जागा बघून थांबा, पण तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी ओतू नका.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर निसटला तरी नाक चेनवर अडकतं.

कपलरचं कुलूप बसलं का, ते जॉकी व्हीलने नाक उचलून बघा. पिकअपची शेपटी सोबत वर आली तरच बसलं.

चाकांचे नट पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

टायरची हवा गार असताना तपासा, पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत तापलेल्या टायरची नाही.

ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. "पिकअपच्या कागदांवर चालतं" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

रिव्हर्स कॅम्पसाइटवर अंधारात, मुलं झोपलेली असताना शिकू नका. रविवारी सकाळी उलव्याच्या मोकळ्या रस्त्यावर जा. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची, हात त्या बाजूला हलवा, आणि थोडाच. घाई झालेले लोक पूर्ण स्टिअरिंग कापतात, ट्रेलर दुमडतो आणि पिकअपच्या मागच्या कोपऱ्याला लागतो. दुमडायला लागला की लगेच पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे या. जागेवर लागला की आधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मगच कपलर सोडायचा.