पावसात बेटावर जाताय? बॅग आतून झाका

बडोद्याहून पावसाळ्यात अंदमानच्या नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर निघालात, तर नुसत्या रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी पट्ट्यांवरून ओघळत तिथूनच आत शिरतं. बडोद्यातल्या मांडवी बाजारातून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घ्या, बॅगेच्या आत घाला, कपडे भरा, हवा दाबून काढा, तोंडाला घट्ट पीळ देऊन दुमडा आणि रबर लावा. आईने दिलेल्या दशम्याही त्यातच, पण वेगळ्या डब्यात.

याहून महत्त्वाचं म्हणजे समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाआधी निदान दोन दिवस पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला पोहोचा. रोख पैसेही जवळ ठेवा.