दोन एकरांच्या राईला अर्धा दिवस

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत अनेक गावांच्या कडेला अजूनही एक-दोन एकरांची, क्वचित त्याहून मोठी, देशी झाडांची राई तग धरून आहे. कुठे ती वाघदेवाच्या नावाने राखलेली असते, कुठे गावदेवीच्या. कुठे ओढ्याच्या उगमापाशी उतारच इतका उभा असतो की तिथवर कुऱ्हाड पोहोचलेली नसते. शहरातून आलेला पाहुणा अशा राईत पंधरा मिनिटांत एक फेरी मारतो, चार छायाचित्रे काढतो आणि धबधब्याच्या वाटेला लागतो. राईचे त्यात नुकसान फार होत नसेल. पाहुण्याचे मात्र होते, कारण दोन एकरांची राई नीट पाहायला निदान अर्धा दिवस लागतो. जागा लहान असल्यामुळे आपला वावर तिथे लगेच जाणवतो. म्हणून तिथे थोड्या माणसांनी जावे, कमी चालावे आणि जास्त बसावे.

जाण्यापूर्वी नजर थोडी तयार करून घेतली तर पुढचा वेळ सार्थकी लागतो. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ संस्थेने २०१५ पासून लोकसहभागातून देशी झाडांची ‘नाशिक देवराई’ उभी केली आहे. ही लावलेली राई आहे, जुनी नव्हे. तरीही साग, ऐन, बेहडा, बहावा, आपटा, पळस ही मंडळी एका जागी ओळखून घ्यायला शहरालगत तिच्याइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. तिथे दोन-तीन सकाळी पानांशी ओळख करून घ्यावी आणि मगच गावाकडच्या राईकडे वळावे. रामशेज किल्ल्याच्या शेजारचा बोरगड डोंगरही याच अभ्यासासाठी चांगला आहे. २००८ मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि उघड्याबोडक्या डोंगराला चराई व तोडीपासून संरक्षण मिळाले की झाडोरा कसा परत येतो, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. मात्र माथ्यावर हवाई दलाचा तळ असल्याने वनविभागाकडे आधी चौकशी केल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

कोणत्या तालुक्यात जायचे, हे पाऊस पाहून ठरवावे. इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर नाशिक शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. रस्त्याने जेमतेम ४५ किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक पडतो. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या राईत जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी अशी सदाहरित किंवा निमसदाहरित झाडे दाट असतात आणि आत शिरताच उजेड कमी होतो. पेठ-सुरगाण्याकडच्या राईत साग, ऐन, मोह, धावडा, हेदू यांचे राज्य असते आणि फाल्गुनात तिचा बराचसा भाग निष्पर्ण होतो. एकीत जे दिसेल ते दुसरीत दिसेलच असे नाही.

ऋतूंबद्दल माझे मत बहुतेकांच्या उलट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे नाशिक पश्चिमेला धावते, पण राई पाहण्यासाठी तो काळ सर्वांत गैरसोयीचा असतो, कारण शेवाळलेल्या दगडांवरून पाय घसरतो, ओढे अचानक फुगतात आणि धुक्यात पाच पावलांपलीकडचे दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ निवडावा. पानगळीमुळे खोडे आणि फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते, पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, आणि काटेसावरीच्या एका झाडाखाली तासभर बसले तरी मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी यांची ये-जा संपत नाही. दुसऱ्या भेटीसाठी सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर योग्य. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, तेरडा आणि सोनकी फुललेली असते आणि पायाखालची जमीन सुकू लागते. जूनच्या पहिल्या सरींबरोबर नवरंग पक्षी विणीसाठी दाखल होतो आणि त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ राईभर ऐकू येते. पानांचे आणि काटक्यांचे त्याचे गोल घरटे जमिनीवर किंवा अगदी खाली असते, म्हणून त्या दिवसांत रुळलेली पायवाट मुळीच सोडू नये.

परवानगीचा विषय सोपा नाही, आणि तो टाळताही येणार नाही. राई दिसायला मोकळी असली तरी ती बेवारस नसते. एखादी राई राखीव वनात मोडते आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार तिथे विनापरवाना शिरणे हा गुन्हा ठरतो. दुसरी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या सामूहिक हक्कात आलेली असते. तिसरी एखाद्या कुळाची किंवा देवस्थानाची असते. शहरात बसून हे कळत नाही. म्हणून आधी गावात जाऊन सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटावे, त्या भागाचे, म्हणजे बीटचे, वनरक्षक कोण आहेत ते विचारून त्यांच्याशी बोलावे, आणि राई देवाची असेल तर तिथली पूजाअर्चा पाहणाऱ्या भगतांना विचारल्याशिवाय एक पाऊलही आत टाकू नये. ‘दादा, तुमची राई पाहायची आहे, चालेल का?’ एवढ्या साध्या प्रश्नाने बहुतेक दारे उघडतात. कोकणा, महादेव कोळी, वारली किंवा ठाकर वस्तीतला एखादा जाणता माणूस सोबत यायला तयार झाला, तर त्याच्या अर्ध्या दिवसाला पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी. त्याला झाडे ठाऊक असतात, आणि कोणत्या झाडावर या वर्षी आग्यामोहोळ बसले आहे हेही ठाऊक असते.

देवाचे नियम तिथले तिथेच कळतात. काही राईंत पायताण बाहेर काढावे लागते, काहींत वाळकी काटकीही उचलायची नसते, काही ठिकाणी देवाच्या ठाण्यापर्यंत जाण्याबाबत स्त्रियांसाठी वेगळी रीत असते. एखादी रीत आपल्याला पटत नसेल तर राईच्या दारात वाद घालण्याऐवजी तिथे न जाणे हा सरळ मार्ग आहे. पण आत गेल्यावर नियम मोडणे मुळीच योग्य नाही. सूर्य, चंद्र, नाग आणि वाघ कोरलेल्या वाघदेवाच्या खांबाचे छायाचित्रही विचारूनच काढावे. आश्विन वद्य द्वादशीच्या, म्हणजे वाघबारशीच्या, दिवशी गाव तिथे पूजेला जमते. त्या दिवशी आमंत्रण नसेल तर बाहेरच्यांनी जाऊ नये, हे बरे.

एका वेळी चारपेक्षा जास्त माणसे नेऊ नयेत. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत, बूट घोट्यापर्यंतचे असावेत, आणि अत्तर किंवा सुगंधी तेल लावून जाऊ नये, कारण मधमाश्यांना ते खपत नाही. पाणी, भाकरी, एक वही, दुर्बीण आणि शक्य असल्यास दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग एवढे सामान पुरते.

राईपाशी पोहोचल्यावर लगेच आत शिरू नये. कडेला, सावलीची रेघ जिथे पडते तिथे, निदान वीस मिनिटे बसावे. पक्ष्यांची सर्वाधिक हालचाल कडेलाच असते. टकाचोर, हळद्या, तांबट आणि सातभाई यांना आपण आल्याचा विसर पडायला तेवढा वेळ लागतो. मग पायवाटेने मधोमध जावे आणि पुन्हा बसावे. दोन्ही जागांमधला गारवा, वाऱ्याचा वेग आणि पाचोळ्याची जाडी यांत जो फरक जाणवतो, तोच त्या राईचे आरोग्य सांगतो. राई फार चिंचोळी झाली की ऊन आणि वारा दोन्हीकडून आत घुसतात, मधली ओल टिकत नाही आणि टणटणीचे, म्हणजे घाणेरीचे, तण कडेकडून आत सरकू लागते.

यानंतर मोठ्या झाडांकडे पाहण्याआधी जमिनीकडे पाहावे. वरती जी जांभळे, हिरडे, आंबे उभे आहेत त्यांची वीतभर उंचीची रोपे खाली आहेत का, आणि कमरेएवढी, पुरुषभर उंचीची झाडे मध्ये आहेत का? तिन्ही वयाची झाडे असतील तर राई पुढची शंभर वर्षे चालेल. वर शंभर वर्षांची झाडे आणि खाली झाडलेल्या अंगणासारखी मोकळी जमीन दिसली, तर तिथे गुरे चरत आहेत किंवा दरवर्षी वणवा फिरतो आहे, आणि ती सुंदर दिसणारी राई म्हातारी होत चालली आहे. कोणत्याही राईबद्दल मला हीच गोष्ट सर्वांत आधी जाणून घ्यावीशी वाटते.

मग एकच झाड निवडून त्याच्याजवळ थांबावे. ऐन घ्या. त्याची साल काळपट, खोल भेगांची आणि चौकोनी तुकड्यांत फुटलेली असते. जवळ पडलेले पान उचलून उलटे करावे आणि देठाजवळ, मधल्या शिरेवर पाहावे. तिथे एक-दोन बारीक, फुगीर ग्रंथी दिसतात. बोटाच्या टोकाने त्या जाणवतात आणि भिंगाखाली फार छान दिसतात. त्याचाच भाऊबंद असलेला अर्जुन ओढ्याकाठी उभा असतो, पण त्याची साल पांढरट, गुळगुळीत आणि पापुद्रे निघणारी असते. दोघांच्याही पानांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढतात. पुढे उंबर भेटला तर खाली पडलेले पिकलेले फळ फोडून पाहावे. आतल्या बाजूला दाटीने बारीक फुले असतात आणि त्यांत मुंगीहूनही लहान गांधीलमाश्या वळवळताना दिसतात. या माशीची मादी फळाच्या टोकाशी असलेल्या इवल्या छिद्रातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, ती आत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांपैकी बिनपंखी नर फळाला भोक पाडून वाट करून देतात आणि माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. उंबराला फळे धरतात ती या माशीच्या जोरावर, आणि त्या फळांवर हरियाल, धनेश, माकडे आणि वटवाघळे जगतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखालची जमीन स्वच्छ झाडलेली आढळेल. पहाटे गळणारी रसाळ, पिवळट फुले वेचण्यासाठी ती झाडलेली असते, आणि कोणत्या झाडाची फुले कोणत्या घराने वेचायची हे गावात ठरलेले असते. ती फुले गमतीने उचलून खिशात घालू नयेत. ते कोणाच्या तरी घरचे उत्पन्न आहे. याच दिवसांत पाचोळा चटकन पेट घेतो, म्हणून काडेपेटी, विडी-सिगारेट आणि चुलीचा बेत गावाबाहेरच ठेवावा. धूर दिसलाच तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

धोके मोजके आहेत, पण खरे आहेत. फुरसे दगडांखाली आणि घोणस पाचोळ्यात असते, त्यामुळे दगड उलटू नयेत, ओंडक्यावर बसण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे आणि जिथे नजर पोहोचत नाही तिथे हात घालू नये. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. माणसाला स्वस्थ ठेवून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात विनाविलंब न्यावे. बिबट्याचा वावर जिल्हाभर आहे. उजाडल्यावर जावे, सूर्य कलण्याआधी बाहेर पडावे आणि लहान मुलांना पुढे-मागे एकटे सोडू नये. हिवाळ्यात खाजकुयलीच्या सोनेरी, लवदार शेंगा हाताला लागू देऊ नयेत.

आता एका उत्साहाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. राईत बियांचे गोळे फेकणे, रोपे लावणे, खाऊन झालेल्या फळांच्या कोया टाकणे हे सगळे सद्भावनेने होते, आणि तरीही ते करू नये. जुन्या राईत काय उगवावे हे तिथली माती, पक्षी आणि सावली ठरवत आली आहेत. बाहेरचे एक आक्रमक रोप रुजले तरी ते उपटायला गावाची वर्षे जातात. झाडे लावायचीच असतील तर गावाला विचारून राईबाहेरच्या उजाड पट्ट्यात, त्याच राईच्या बियांची लावावीत. तसेच भ्रमणध्वनीवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये, कारण विणीच्या काळात नर घरटे सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावतो. दुर्मीळ वनस्पतीचे छायाचित्र टाकताना ठिकाण उघड करू नये. अंजनेरी डोंगरावरून २००६ मध्ये शास्त्राला नव्याने कळलेले कंदीलपुष्प थोड्याशाच जागेत उगवते, आणि डोंगराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला असला तरी बुटाखाली चिरडलेले रोप त्याने परत येत नाही.

बाहेर पडताना मोजे आणि पायजम्याला चिकटलेली कुसळे तिथेच काढून टाकावीत, म्हणजे एका राईतले तण दुसऱ्या राईत जाणार नाही. घरी गेल्यावर गोचिडांसाठी अंग तपासावे. वहीत झाडांची नावे आधी गावच्या बोलीत लिहावीत, मग मराठीत, सोबत तारीख आणि फूल, फळ किंवा पालवी यांची अवस्था नोंदवावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या यादीची एक स्वच्छ प्रत, ज्यांनी नावे सांगितली त्यांच्या श्रेयासह आणि त्यांच्या संमतीने, त्या समितीकडे पोहोचती करावी.