गारा थांबल्या, आता छत कसं मोकळं करावं?

खानदेशात घरावर बर्फ साचतो तो फक्त गारांचा, आणि तोही ऐन दादर (रब्बी ज्वारी) आणि गहू काढणीच्या दिवसांत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर लागोपाठ गारपीट झाली, तिची आठवण अजून निघते. गारा थांबल्या रे थांबल्या की माणसं फावडं घेऊन वर धावतात. घात होतो तो याच घाईत.

खरा धोका गारांपेक्षा त्यांनी अडवलेल्या पाण्याचा असतो. याच दिवसांत निंबाची पानगळ चालू असते. पानं आणि गारा मिळून पन्हाळीत बूच बसतं. दहा बाय दहाच्या खोलीवर तीन इंच पाणी तुंबलं तर वजन सुमारे ७०० किलो होतं, म्हणजे सात क्विंटल. तेवढ्याच जाडीच्या गारा याच्या साधारण निम्म्या भरतात, कारण गारा-गारांमध्ये मोकळी जागा असते. म्हणून आधी पाण्याला वाट द्या, गारांचं नंतर बघू.

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास वर जाऊ नका. तेवढ्यात घरात फिरून वर नजर टाका. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, किलचनातून (तुळयांवरच्या लाकडी थरातून) माती झरतेय का? सरा (मोठी तुळई) करकरतोय का? कालपर्यंत सहज लागणारं दार आज चौकटीत अडकतंय का? यातलं एक जरी दिसलं तरी माणसं आणि गुरं बाहेर काढा. मग त्या धाब्यावर कोणीही चढायचं नाही.

पन्हाळ शक्यतो खालूनच मोकळी करा. लांब कोरडा बांबू घ्या, विजेच्या तारा कुठे आहेत ते पाहा आणि पन्हाळीखाली न थांबता बाजूला उभं राहून ढोसा. आमच्या घरी एकदा मी शिडीला पाय लावला तोच आजोबा ओरडले, ‘‘आधी खाले उतर!’’ त्यांनी बांबू घातला. पन्हाळीच्या तोंडाशी गारा एकमेकींना चिकटून नारळाएवढा गोळा झाला होता, आत सगळी निंबाची पानं. तो सुटताच गढूळ पाण्याची धार लागली आणि थोड्या वेळात धाब्यावरचं तळं ओसरलं. वर जावंच लागलं नाही.

जावंच लागलं तर आधी मेन स्विच बंद करा. मात्र खांबावरून घरात येणाऱ्या तारेत त्यानंतरही वीज असते, तिच्यापासून लांब राहा. शिडीचा पाया चार फूट उंचीला भिंतीपासून एक फूट पुढे, या हिशेबाने ती टेकवा आणि खाली कोणाला तरी ती धरायला लावा. पत्र्याच्या घरावर मात्र चढूच नका. ओला पत्रा निसरडा असतो. सिमेंटच्या पत्र्याला गारांनी तडा गेलेला वरून दिसत नाही, पाय ठेवताच माणूस थेट खाली येतो. उतरत्या पत्र्यावरच्या गारा तशाही लवकर वितळतात, वितळू द्या.

स्लॅबवर फावडं चालेल, पण कुदळ-पहार नको. धाब्यावर लोखंडी पातं लावलं तर खाऱ्या मातीचा थर उकरला जातो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. तिथे लाकडी फळीने वरवरच्या गारा ओढा. सगळीकडून थोड्या थोड्या काढा, एका जागी ढीग घालू नका, शेजाऱ्याच्या पत्र्यावर तर मुळीच लोटू नका. काही जण मीठ टाकतात. ते टाकू नका, मिठाने पत्रा आणि स्लॅबमधली सळई दोन्ही गंजतात. गरम पाणी ओतलं तर वजनात भरच पडते.

नुकसान झालं असेल तर आवरण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यांना कळवा. ओल्या धाब्यावर फिरू नका. पुरतं वाळल्यावर भेगांत खारी माती भरून चोपा.

घरावर निंब झुकलेला असेल तर पुढच्या वर्षी पानगळ सुरू झाली की दर आठ दिवसांनी धाबं झाडून घ्या. पन्हाळीत हात घालण्याआधी काडी फिरवा, तिथे विंचू बसलेला असतो.