पहिली कथा छापून येईपर्यंत

दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. नवरात्रात कथा पाठवणाऱ्याला वाटतं, अजून दिवाळीला वेळ आहे. तोवर बहुतेक अंकांची पानं लागून छपाई चालू झालेली असते. कथा मे-जूनमध्ये तयार असावी आणि जुलै संपायच्या आत संपादकाकडे पोचावी, हा साधा हिशेब. काही अंक रीतसर आवाहन काढतात, त्यात शेवटची तारीख आणि शब्दमर्यादा दिलेली असते. ती मर्यादा खरी माना. तीन हजार शब्द मागणाऱ्याला सहा हजारांची कथा पाठवून 'वाचून तर बघा' म्हणणाऱ्यांची कथा वाचली जात नाही.

मी मात्र हे सगळं शिकायच्या आधी एका लेखनगटात जाऊन बसले, आणि नव्याने लिहिणाऱ्यालाही आधी तेच सांगेन. का, ते सांगते. 'सत्यकथा' चालू होतं तेव्हा श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक नवख्या लेखकाच्या कथेवरही सविस्तर पत्र लिहीत, काय जमलं नाही ते सांगत आणि पुन्हा लिहून घेत. ते मासिक 1982 मध्ये बंद झालं. आज चार-दोन माणसं नोकरी सांभाळून अंक काढतात. त्यांच्याकडून होकार किंवा मौन, एवढंच मिळतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण मग कथा मधोमध का रेंगाळते, हे तुम्हाला सांगणार कोण? ते काम गटाकडून करून घ्यायचं.

आमचा गट वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी जमायचा. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या किंवा कोकणात 'कोमसाप'च्या (कोकण मराठी साहित्य परिषदेच्या) शाखा गावोगाव आहेत, तिथे चौकशी केली तरी अशा गटाचा पत्ता लागतो. नियम एकच होता: कथा मोठ्याने वाचायची आणि वाचून झाल्यावर लेखकाने गप्प बसायचं. 'मला खरं तर असं म्हणायचं होतं' हे वाक्य बंद. पहिल्यांदा फार जड जातं. पण अंक विकत घेतलेल्या वाचकाच्या घरी जाऊन तुम्ही खुलासा करणार नसता, त्यामुळे सवय झालेली बरी.

वाचताना एक डोळा ऐकणाऱ्यांवर ठेवा. कुठे चहाचे कप उचलले जातात, कोण मोबाइल उलटा करून ठेवतं, ते बघा. नंतर जे बोललं जातं त्यापेक्षा हे जास्त कामाचं असतं, कारण बोलताना आपण मराठी माणसं भिडस्त. 'छान आहे, आवडली' म्हणून मोकळे होतो. तेव्हा 'कशी वाटली?' असं विचारूच नका. 'कंटाळा कुठे आला?' असं विचारा.

माझी कथा मुक्कामी एसटीच्या कंडक्टरची होती. शेवटची गाडी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात, पहाटे तीच गाडी परत निघते. त्या रात्री कंडक्टर गावातल्या एका ओळखीच्या घरी जातो, अशी गोष्ट. गटात एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते. कथा संपल्यावर भाषा, वातावरणनिर्मिती वगैरेवर बरंच बोलणं झालं. काकांनी एवढंच विचारलं, "मॅडम, कॅशची बॅग कुठंय?"

मुक्कामाला डेपो लांब. दिवसभराचा भरणा कंडक्टरजवळच असतो आणि सकाळी वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, पै न पै जुळवून द्यावा लागतो. तो बॅग उशाशी घेऊनच झोपतो. गाडीत टाकून कुठे जात नाही आणि परक्या घरी घेऊनही जात नाही. त्या एका प्रश्नाने कथेला नवं हाड मिळालं. माझा कंडक्टर बॅग घेऊन त्या घराच्या ओट्यापर्यंत गेला आणि ती मांडीवरून खाली ठेवेना. घरातल्या बाईने ते पाहिलं. पुढचे दोघांमधले लांबलचक संवाद आपोआप गळाले.

गटाचा एक धोकाही आहे. सगळ्यांचं सगळं ऐकलं की कथा गुळगुळीत होते. एकाला शेवट आनंदी हवा, दुसऱ्याला सामाजिक आशय हवा. माझा नियम असा: तीन जण एकाच जागी अडखळले तर ती जागा बघायची, उपाय मात्र त्यांचा घ्यायचा नाही, आपला शोधायचा.

कुठे पाठवायची, हेही गटातल्या जुन्या लोकांना नीट ठाऊक असतं. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा इतकी फोफावली आहे, की प्रत्येक अंकाची चव वेगळी. गूढकथा 'नवल'ला शोभते, विनोदी 'आवाज'ला. ज्या अंकाला पाठवायची त्याचे मागचे दोन-तीन अंक वाचनालयात बसून वाचा. कथास्पर्धाही सोडू नका, विशेषतः नाव झाकून परीक्षण होतं तिथे. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, 'अप्रकाशित व स्वतंत्र' एवढा उल्लेख, फोन नंबर. कथेचा सारांश आणि स्वतःचं कौतुक नको. कथा आधी फेसबुकवर टाकली असेल, तर बरेच संपादक ती प्रकाशित धरतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि सोबत पीडीएफ जोडा. जुळणी करणारे पुष्कळदा अजून जुन्या फॉन्टमध्ये काम करतात आणि रूपांतरात 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, मागा. नम्रपणे मागितलं तर सहसा मिळतं.

पैशाचं आधी बोलून घ्या. काही अंक मानधन देतात, बरेच फक्त अंक पाठवतात. पहिल्या कथेला तेही चालेल. पण 'कथा स्वीकारली आहे, सहयोग म्हणून दहा प्रती घ्या' असं कुणी म्हणालं, तर कथा परत मागून घ्या. कथेवरचा हक्क लेखी करार करून दिल्याशिवाय जात नाही, ती तुमचीच राहते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर 1957 च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. पुढे संग्रह काढायचा असेल तर हे लक्षात असलेलं बरं.

आणि टोपणनावाने लिहिणार असाल, तर बँकेतलं नाव संपादकांना आधीच कळवा. नाहीतर मानधनाचा चेक टोपणनावावर निघतो आणि बँकेत तो वटत नाही.